बेवारशी कोण?

मी मराठी शिकवतो, कायदा नव्हे. पण ‘बेवारशी’ या शब्दाशी माझे जुने भांडण आहे. बेवारशी म्हणवला जाणारा पैसा बहुधा बेवारशी नसतोच. मालकाचा फक्त पत्ता हरवलेला असतो. अमेरिकेत न उचललेला पगार, न वटवलेला धनादेश काही वर्षांनी कंपनीने राज्य सरकारकडे सोपवायचा आणि सरकारने तो मालकासाठी सांभाळायचा, असा कायदा आहे.

कंपन्यांचे हिशेब तपासायला सरकारे बाहेरची माणसे नेमतात. पुष्कळदा त्यांना ठरीव मेहनताना नसतो. सापडेल त्यात टक्के! आता वाचकहो, राखणदाराला कापलेल्या पिकात हिस्सा लावून दिला, तर तो राखण करील की कापणी?

न्यायाधीशाला असा लोभ चालत नाही. ओहायोतल्या एका गावचा मेयरच दारूबंदीचे खटले चालवी, आणि आरोपी दोषी ठरला तरच त्याच्या पदरात पैसे पडत. एका खटल्याचे १२ डॉलर! १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मोडून काढले. तपासनीस मात्र न्यायाधीश नव्हे, म्हणून त्याचे टक्के चालून गेले.

तरी लगाम आहेच. डेलावेअर राज्याने टेंपल-इनलंड कंपनीचा १९८६ पासूनचा हिशेब काढला. जुने कागद नव्हते, म्हणून अलीकडच्या वर्षांवरून अंदाजाने देणे लावले. २०१६ मध्ये न्यायाधीश ग्रेगरी स्लीट यांनी हा प्रकार विवेकाला हादरा देणारा ठरवला. २०१७ मध्ये राज्याने कायदाच बदलला.

अंदाजाने वसूल केलेल्या पैशाला मालकाचे नावच नसते. मग तो परत द्यायचा कुणाला? खरा बेवारशी पैसा तोच!