आवाज आढळला नाही

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर सगळ्याला जागा असते. ऑइल, व्हील अलाइनमेंट, एसीचा फिल्टर, अगदी सीट धुवायच्या शाम्पूलासुद्धा. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून काहीतरी किंचाळतं आणि थोड्या वेळात गप्प होतं, याला मात्र नसते. माझी ही तक्रार ॲडव्हायजरने ‘इंजिन नॉइज चेक’ एवढ्यात बसवली. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून मिळाली, तेव्हा पुढे शेरा होता : ‘आवाज आढळला नाही.’

कसा आढळणार? आवाज पट्ट्याचा होता. गॅरेजात त्याला अजून फॅन बेल्टच म्हणतात, पण बहुतेक गाड्यांत फॅनला आता स्वतःची मोटर असते. पट्टा फिरवतो तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पुष्कळ इंजिनांत पाण्याचा पंप. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला स्टार्टर मारला की बॅटरी खर्ची पडते, ती भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो; त्यात पावसाळ्याची ओल. ताण कमी असेल तर पट्टा पुलीवर घसरतो आणि कोकलतो. इंजिन तापलं, ओल उडाली की शांत. गाडी सर्व्हिस सेंटरला पोचते ती शहरभर चालून, म्हणजे बरोबर तोंड मिटल्यावर.

‘गाडी रात्री ठेवून घ्या, सकाळी थंड असताना चालू करून बघा,’ असं मी सुचवलं. ‘सर, ओव्हरनाइट ठेवायची पॉलिसी नाही.’ पुढे पार्ट नाही म्हणून हीच गाडी तिथे आठवडाभर उभी होती, तेव्हा ती पॉलिसी कुठे गेली होती कोण जाणे.

त्याआधी पट्टा बदलून झाला होता. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. आता म्हणे टेन्शनर. पट्टा ताणून धरणारा हा स्प्रिंगचा हात, त्याच्या टोकाला छोटी पुली, पुलीत बेअरिंग. यातलं काही सैल झालं असेल तर नवाकोरा पट्टाही बोंबलणारच, मग तो बदलताना हे कुणी हाताने फिरवून का पाहिलं नाही? यावर उत्तर आलं, ‘पुली सुटी येत नाही, सर. पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल. वेअरहाऊसहून मागवतो, ॲडव्हान्स भरा.’

त्या पोराबद्दल माझं काही म्हणणं नाही. इंजिन ड्रेसिंग आणि अंडरबॉडी कोटिंग खपवायचं टार्गेट त्याच्या डोक्यावर आहे. माझा राग त्या मधल्या काचेवर आहे. आवाज रोज ऐकतो तो मालक काचेच्या अलीकडे, सोफ्यावर, कॉफीच्या मशीनशेजारी. आवाज ज्याला कळेल तो मेकॅनिक पलीकडे. ‘वर्कशॉपमध्ये ग्राहकांना प्रवेश नाही.’ दोघांची गाठ पडतच नाही. त्यांच्यात जे काही बोलणं होतं ते कॉम्प्युटरवरच्या चार शब्दांतून.

शेवटी गाडी तशीच उचलली आणि सिंहगड रोडच्या एका गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री म्हणाला, ‘काका, रात्री राहू द्या इथंच. सकाळी साडेआठला या.’ गेलो. त्याने माझ्यासमोर स्टार्टर मारला, काच पुसायच्या स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी भरलं आणि फिरत्या पट्ट्याच्या खाचांवर दोन फवारे मारले. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली रेषेत नाही. पाणी पडताच वाढला तर ताण कमी. वाढला. इंजिन बंद करून त्याने पट्टा उतरवला, टेन्शनरचा हात दाबून पाहिला. स्प्रिंग शाबूत होती, पण हाताच्या टोकाला पुली डुगडुगत होती. ती बोटाने फिरवून म्हणाला, ‘ऐका.’ आतून खरखर येत होती, कोरड्या वाळूसारखी.

सुटे भाग असे अडवून धरण्याची गोष्ट नवी नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा मुख्य ठपका. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, असंही बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. काउंटरवर मात्र ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य अजून तसंच ऐकू येतं.

फॅन बेल्ट निदान ओरडून सांगतो. तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, तापमानाचा काटा चढायला लागतो, आपण गाडी कडेला घेतो. टायमिंग बेल्ट झाकणाआड असतो आणि बहुधा काही न बोलताच जातो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक, हा हिशेब तो सांभाळतो. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतात आणि हेड उतरवायची वेळ येते. सगळ्या गाड्यांत तो नसतो, कित्येकांत साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे आणि किती किलोमीटरला, किती वर्षांनी बदलायचं, हे मॅन्युअलमध्ये बघावं. काउंटरवरच्या ‘अजून चालेल’वर जाऊ नये.

मिस्त्रीने पुलीतलं बेअरिंग काढून पुसलं. कडेला नंबर कोरलेला होता, ६२०३. नाना पेठेत हा आकार दुकानदार न बघता काढून देतो. दुपारी प्रेसवर बसवून झालं, आवाज गेला. असेंब्लीचा ॲडव्हान्स परत मागितला तर ॲडव्हायजर म्हणाला, ‘ऑर्डर कॅन्सल होणार नाही, सर. पार्ट निघालाय.’ अजून पोचलेला नाही.