वायंगणाचे दिवस आणि म्हापशाचा शुक्रवार

मार्गशीर्ष लागला की गोव्यातील मळ्यांचे रूप पालटते. पावसाळी भाताचे पीक, ज्याला तिकडे सरद म्हणतात, ते कापून, मळून घरात गेलेले असते. मग ज्या जमिनीला तळ्याचे, विहिरीचे किंवा ओहोळावर घातलेल्या बांधाचे पाणी मिळते, ती पुन्हा एकदा हिरवी होते. हा वायंगणाचा हंगाम. कोठे दुसरे भात उभे राहते, तर कोठे वाफे पाडून तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरच्या, आळसांदे आणि रताळी लावतात. रोज पहाटे या वाफ्यांना कळशीने पाणी घालणारी बाईच शुक्रवारी डोक्यावर पाटी घेऊन म्हापशाच्या बाजारात येऊन बसते.

म्हापशाचा शुक्रवार हा बार्देश तालुक्याचा आठवडी बाजार. मातीची भांडी, केरसुण्या, सुकी मासळी, माडाचा गूळ, असे काय हवे ते तेथे मिळते. थंडीच्या दिवसांत मात्र जाणत्या गृहिणीची पावले आधी वळतात ती कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या बायकांकडे. तेथे तराजूचे राज्य फारसे नसते. वांग्यांचे वाटे घातलेले असतात आणि पालेभाजीच्या जुड्या केळीच्या वाकाने बांधलेल्या असतात.

पिकवणारी कोणती आणि नुसती विकणारी कोणती, हे ओळखणे अवघड नाही. कोबी, फुलकोबी, गाजर आणि टोमॅटो एकाच ठिकाणी रचलेले दिसले, तर तो माल बहुधा घाट उतरून बेळगावकडून आलेला समजावा. पिकवणारीपुढे दोन-तीनच जिनसा असतात, त्याही लहानमोठ्या, आणि मुळ्याला माती तशीच असते. तिला एकच प्रश्न विचारावा, ‘‘मावशी, ही वांगी कुठल्या मळ्यातली? बी घरचे का?’’ पिकवणारी असेल तर उत्तर लांबते. नुसती विकणारी असेल तर ती भाव सांगून मोकळी होते.

हा प्रश्न कुतूहलापुरता नाही. शेतकरीण आपल्या मालाचा हिशेब मनाशी सतत मांडत असते. बसचे भाडे, बाजारात बसण्याचा सोपो, दिवसभराचा खोळंबा, हे सारे वजा जाता हाती काही उरले, तर पुढल्या वर्षी वाफे पडतात. न उरले तर मळा पडीक राहतो. पडीक मळ्याचे बांध ढासळतात, पाट बुजतात, आणि मग एकट्या घराने मनात आणले तरी तेथे पुन्हा पीक घेणे सोपे राहत नाही. पाणी सामाईक, बांध सामाईक. शेजारच्याने शेती सोडली की आपलीही अडते.

दुसरी गोष्ट बियाण्याची. आगशीची मोठी, गरदार वांगी ज्यांनी काप करून खाल्ली आहेत, त्यांस त्यांची महती सांगावयास नको. ही वांगी, काणकोणातील खोलची मिरची, मयड्याची केळी, ही त्या त्या गावच्या मातीत रुजलेली वाणे आहेत. आपल्या देशात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. गोव्यात २००९ साली काजूच्या फेणीला असे मानांकन मिळाले. पुढे खोलची मिरची, मयड्याची केळी आणि आगशीची वांगी यांनाही ते लाभले. ही आनंदाची गोष्ट खरीच. परंतु मानांकनाने नाव राखले जाते, वाण राखले जात नाही. वाण राखते ती शेतकरीण. चांगले फळ झाडावर पिकू देऊन, त्याचे बी राखेत घोळवून, पुढल्या हंगामापर्यंत जपून ठेवणारी. तिचे वांगे दोन-चार वर्षे विकले गेले नाही, तर ते बीही संपते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा बाहेरून येणारी भाजी अडली आणि गोव्यातील अनेक घरांत चुलीपुढे प्रश्न उभा राहिला. ज्यांच्या गावात भाजीचे मळे टिकून होते, त्यांना त्या दिवसांत त्यांचे मोल कळले.

कोणी म्हणेल, गावठी भाजी महाग पडते. पडते खरी. गाडीभर मालाचा भाव पाटीभर मालाला परवडत नाही. आणि घाटावरून भाजी आणूच नये, असेही आमचे म्हणणे नाही. बेळगावचा शेतकरीही आपलाच, आणि बटाटा-कोबीसाठी गोमंतक त्याच्याकडेच पाहणार. परंतु जे आपल्या मळ्यात होते, ते त्याच्या दिवसांत मळ्यातूनच घ्यावे, एवढाच आग्रह. महिन्याच्या भाजीखर्चातील चार जुड्यांची तफावत एका घरास जड नाही. मळ्याचे मात्र तेवढ्यावर भागते.

ही गोष्ट गोव्यापुरती नाही. माळव्यातील आपल्या वाचकांना थंडीतले गराडू ठाऊक आहेत, बडोदेकरांना उंधियूची पापडी आणि कंद. हैदराबादकरांच्या हाताशी तर १९९९ साली सुरू झालेले रयतु बाजार आहेत. शेतकऱ्याने अडत्याविना स्वतः माल विकावा, हाच त्यांमागील हेतू. आणि आपण मराठी माणसे कोठेही राहिलो, तरी पौषात भोगीची भाजी करतोच. वांगी, पावटे, गाजर, ओला हरभरा, बोरे, ऊस, तीळ. जवळच्या शिवारात त्या दिवसांत जे पिकते, ते एका भांड्यात आणणारा हा कुळाचार. तो पाळताना त्यातील निदान दोन जिनसा पिकवणाराच्या हातून घ्याव्यात.

बाजारात सकाळी लवकर जावे. सुटे पैसे न्यावेत. दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करू नये. पाटी रिकामी करून घरी जाण्याची घाई तिला असते, तिचा गैरफायदा घेऊ नये. आणि वांगी चांगली निघाली, तर पुढल्या शुक्रवारी आवर्जून तसे तिला सांगावे. पुढल्या वर्षी किती वाफे पाडायचे, हे ती अशाच बोलण्यावरून ठरवते.