जोड्या लावा

‘जोड्या लावा’ हा शाळेच्या प्रश्नपत्रिकेतला हमखास गुणांचा प्रश्न. चार उत्तरं आली की पाचवं आपोआप बरोबर. दिल्लीच्या जानेवारीत मात्र, द्वारकेतल्या किंवा नोएडातल्या कुठल्याही मराठी घरात, रविवारी दुपारी पलंगावर मोज्यांचा जो ढीग ओतला जातो त्याला हा नियम लागू नाही. तिथे ‘अ’ गटात अकरा असतात, ‘ब’ गटात नऊ, आणि उरलेले दोघे एकमेकांचे कुणीच लागत नाहीत.

मुंबईहून बदली होऊन आलेल्यांना पहिल्या वर्षी हा व्याप ठाऊकच नसतो. तिकडे मोजा म्हणजे शाळेचा नाहीतर ऑफिसचा. घरात पाऊल टाकलं की काढून भिरकावायचा. इकडे 8 जानेवारी 2006 रोजी सफदरजंगच्या वेधशाळेत पारा 0.2 अंशांवर उतरला होता. तेवढी थंडी दरवर्षी पडत नाही, पण फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही इतपत नक्की पडते. म्हणजे बाहेरचा एक जोड आणि घरातला एक. चौघांचं कुटुंब, शिवाय हिवाळ्यापुरती आलेली आजी: आठवड्याला सत्तर जोड, एकशे चाळीस मोजे. घरातले मोजे रोज कोण बदलतो, हा प्रश्न सभ्य माणसाने विचारू नये. निम्मे धरले तरी सत्तर मोजे उरतात.

आणि हे सत्तर मोजे सरळ नसतात. तिसरीतल्या धाकट्याचे आणि सहावीतल्या ताईचे शाळेचे मोजे एकाच राखाडी रंगाचे, फरक बोटभर लांबीचा. टाचेला टाच लावून ताणल्याशिवाय तो कळत नाही, आणि एकाचं इलॅस्टिक सैल झालेलं असलं की ताणूनही कळत नाही. बाबांचे काळे आणि नेव्ही ब्लू ट्यूबलाइटखाली सख्खे भाऊ दिसतात. खिडकीशी नेऊन बघावं तर बाहेर धुकं. सगळ्यांत मोठा पेच आजीच्या मोज्यांचा. साडीखाली चपला घालता याव्यात म्हणून अंगठा वेगळा असलेले ते मोजे इकडच्या बाजारात ढिगाने मिळतात. त्यांना डावा-उजवा असतो. एक हरवला की दुसऱ्या जोडातला उरलेला त्याच्या जागी चालेलच असं नाही.

मोजे जातात कुठे, याला फारसं गूढ नाही. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या दारातल्या रबराच्या घडीत एखादा अडकतो. एखादा रजईच्या खोळीत शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो. चौदाव्या मजल्यावरच्या स्टँडवरून एखादा खाली जातो, आणि सोसायटीचा गार्ड तो उचलून कुंपणाच्या टोकाला अडकवून ठेवतो. तिथे तो आठवडाभर सगळ्यांना दिसतो, मालक सोडून.

पण हरवलेल्यापेक्षा मागे राहिलेल्याचा ताप जास्त का होतो, हे गणित सांगतं. रॉबर्ट मॅथ्यूज या ब्रिटिश अभ्यासकाने 1996 मध्ये ते मांडलं; लोणी लावलेला पाव बहुतेक वेळा लोण्याच्या बाजूवरच का पडतो, याच्या अभ्यासाबद्दल त्याच वर्षी इग नोबेल मिळालेले हेच ते मॅथ्यूज. दहा जोडांतले कुठलेही सहा मोजे हरवले असं समजा. ते हरवण्याचे एकूण प्रकार 38,760. त्यांपैकी अख्खे तीन जोडच गेले आणि सात जोड शाबूत राहिले, असं होण्याचे प्रकार फक्त 120. उलट सहाही मोजे सहा वेगळ्या जोडांतले गेले आणि हाती चारच जोड उरले, याचे प्रकार 13,440. शंभरपटीहून जास्त. गृहिणीचं नशीब फुटकं नाही, हिशेबच तसा आहे.

तो हिशेब गृहिणीच्याच माथी का, हा खरा मुद्दा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी वेळ 289 मिनिटं निघाला, पुरुषाचा 88. आणि हे 88 सुद्धा मुळात असं काम करणाऱ्या पुरुषांचे. तसे पुरुष शंभरात सत्तावीसच. अशा सर्वेक्षणांत धुणं, वाळत घालणं, इस्त्री-घड्या अशी खाती असतात. जोड लावण्याचं वेगळं खातं नसतं. धुणं मशीन करतं, भांडी-फरशी कामवाली करते, इस्त्रीला खालचा प्रेसवाला आहे. मोजे कुणीच घेत नाही, कारण त्याला हात कमी आणि आठवण जास्त लागते: कुणाचा कुठला, कधी आणलेला, कुणाचा आता पाय वाढला. ‘अगं, माझे काळे मोजे कुठेत?’ या प्रश्नाला सकाळी साडेसातला उत्तर देणारी व्यक्ती घरात एकच असते.

उपाय सुचवणारे पुष्कळ. सगळे मोजे एकसारखेच आणा, म्हणे. शाळा आणि आजी हे दोन अडथळे त्यांनी आधी ओलांडून दाखवावेत. त्यापेक्षा धोबी शहाणा होता. तो बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करायचा, चुन्याच्या निवळीने ती पक्की व्हायची. बिब्ब्याला इंग्रजीत ‘मार्किंग नट’ हे नाव त्यावरूनच पडलं. मोज्यांसाठी बिब्बा नको (अंगावर उततो, आणि संसारात तो घालणारे आधीच पुष्कळ), पण पंजाच्या आतून माणशी एका रंगाच्या दोऱ्याचा टाका घालायला किती वेळ लागतो?

टाका घातल्यावर मात्र ढीग सगळ्यांचा. आपापल्या रंगाचे मोजे ज्याने त्याने उचलावेत आणि जोड लावावेत, बाबांपासून सुरुवात करून. तिसरीतला मुलगा हे करू शकतो का, ही शंका फुकट आहे. नर्सरीत त्याला रंग-आकार ओळखायला शिकवताना जे खेळ दिले, त्यांत मोज्यांच्या जोड्या लावणंही असतं. शाळेत ते शिक्षण, घरी तेच आईचं काम, हे कोडं मोठ्यांनी सोडवावं.

तरीही एकटे मोजे उरणारच. लोकरीचे असतील तर त्यांना जवळच एक ठिकाण आहे. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला 1761 आठवतं. पण आजचं पानिपत म्हणजे जगभरच्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचं गाव. तिथे बायका कपड्यांची बटणं, चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग ते पिंजून त्यांचं सूत निघतं आणि घोंगड्या होतात. रंग आधीच वेगळे केलेले असल्याने पुन्हा रंगवावं लागत नाही. जोड कुणाचा कुठला, हे तिथे कुणी विचारत नाही.

घरात मात्र होळीनंतर एकट्या मोज्यांची पिशवी टाकून दिली जाते, रजया डांबरगोळ्या घालून पलंगाच्या पेटीत जातात. दिवाळीनंतर पेटी उघडते. खोळ झटकली की कोपऱ्यातून एक राखाडी मोजा खाली पडतो, धाकट्याचा, आता त्याला दोन बोटं आखूड होणारा.