स्कोअरकार्डात नसलेले माळी

24 सप्टेंबर 2019 रोजी सुरतच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांची टी-ट्वेंटी मालिका सुरू झाली. दीप्ती शर्माने चारपैकी तीन षटकं निर्धाव टाकली आणि 8 धावांत 3 बळी घेतले. पंधरा वर्षांच्या शफाली वर्माचं पदार्पणही त्याच दिवशीचं. पुढचे दोन सामने, 26 आणि 29 तारखेचे, पावसाने खाल्ले. 1 ऑक्टोबरला मैदान ओलं होतं म्हणून सामना 17 षटकांवर आला, पण झाला. मग 3 तारखेला एक आणि 4 तारखेला भरीला घातलेला आणखी एक. चार दिवसांत तीन सामने. मालिका भारताने 3-1 अशी जिंकली, हे कुणीही शोधून काढू शकतो. भिजून चिंब झालेलं मैदान तीनदा खेळण्याजोगं कुणी केलं, ते शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

सप्टेंबर संपत आला तरी दक्षिण गुजरातचा पाऊस पाय काढत नाही. त्यात या भागाची मूळ जमीन काळी. भिजली की फुगते, पाणी खाली सोडत नाही. वाळली की भेगा पडतात. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मैदानावरच्या माळ्यालाही नको, फक्त त्याच्याकडे वाफसा येईपर्यंत थांबायची सवड नसते.

पाऊस आला की कव्हर घालायचं, गेला की काढायचं, एवढंच काम टीव्हीवर दिसतं. खरी मेख त्या मधल्या वेळात असते. कव्हरखाली खेळपट्टीला घाम सुटतो. जमिनीतली ओल वर येऊन प्लॅस्टिकला खालून थेंब धरतात. फार वेळ झाकून ठेवलं तर गवत पिवळं पडतं, बुरशी धरते. लवकर उघडलं आणि एक सर आली तर दोन दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून ढग हलले की कव्हर अर्धं उचलून वारा द्यायचा, कोपऱ्यात साचलेलं पाणी खेळपट्टीवर ओघळणार नाही अशा बेताने गुंडाळायचं आणि पुन्हा आभाळाकडे बघत उभं राहायचं. सुपर सॉपर हे यंत्र मोठं पाणी शोषून घेतं, पण सीमारेषेजवळच्या खोलगट जागी माणूसच लागतो. स्पंजचा तुकडा दाबायचा, बादलीत पिळायचा, पुन्हा दाबायचा. गुडघ्यावर बसून हे तासन् तास चालतं.

ज्या गवतासाठी हा खटाटोप, ते बहुतेक ठिकाणी आपली हरळीच. गणपतीला एकवीस वाहायच्या त्या दूर्वा हीच, आणि शेतात शिरली की कुळव मोडेल पण हटणार नाही अशी चिवटही हीच. सुरतेत लिंबायत, उधना भागात धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्या गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी हरळी खणून काढण्यात उमर घालवली. त्याच हरळीला मैदानावर खत, पाणी, औषध देऊन लेकरासारखं वाढवायचं, यावर त्यांचा चटकन विश्वास बसणार नाही.

हरळीचे लाड करण्यात गोल्फवाले सगळ्यांच्या पुढे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्राने हरळीचा आफ्रिकेतल्या बारीक पानाच्या जातीशी संकर करून टिफग्रीन, टिफवे अशी वाणं काढली. गोल्फमध्ये जिथे चेंडू भोकात ढकलतात त्या हिरवळीवर हे गवत साधारण तीन मिलिमीटरवर कापतात. पात्यांना धार आहे की नाही हे बघायला यंत्रात कागदाची पट्टी सरकवतात. ती फाटता कामा नये, कापली गेली पाहिजे. (वर्तमानपत्राचा असाही एक उपयोग.) पहाटे आधी दव झटकायचं, मग कापणी. 108 मिलिमीटर व्यासाचं ते भोकही एकाच जागी राहत नाही. पावलांनी एकच जागा झिजू नये म्हणून जुनं भोक बुजवून नवं दुसरीकडे पाडतात, आणि नव्या भोकातून निघालेला गवतासकट मातीचा गोळा जुन्यात असा बसवतात की सांधा दिसू नये. अधूनमधून सगळ्या हिरवळीला बारीक छिद्रं पाडून वर वाळू पसरतात, म्हणजे मुळांना हवा मिळते.

पण या बाबतीत क्रिकेटने गोल्फकडून घ्यायची गोष्ट यंत्राहून वेगळी आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या मैदानाची निगा 1903 पर्यंत जवळजवळ चार दशकं सांभाळणारे ओल्ड टॉम मॉरिस स्वतः चार वेळा ओपन स्पर्धा जिंकलेले खेळाडू होते. गवत राखणारा माणूस त्या खेळाच्या इतिहासात नावानिशी आहे. अमेरिकेत गोल्फ मैदानांच्या अधीक्षकांची संघटना 1926 पासून आहे. क्रिकेटने मात्र गोल्फची यंत्रं तेवढी आणली. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर जमिनीखालून पाणी ओढून घेणारी सबएअर यंत्रणा 2017 मध्ये बसली, ती मुळात ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबच्या अधीक्षकाच्या डोक्यातून निघालेली.

आपल्याकडे माळ्याची आठवण पावसाबरोबर येते. 2023 च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात मोहम्मद सिराजने 21 धावांत 6 बळी घेतले आणि सामनावीराचे 5,000 डॉलर कोलंबोच्या मैदान कर्मचाऱ्यांना देऊन टाकले. फार सुंदर कृती. पुढच्या वर्षी आयपीएल संपल्यावर बीसीसीआयने दहा नेहमीच्या मैदानांसाठी प्रत्येकी 25 लाख आणि तीन जादा मैदानांसाठी प्रत्येकी 10 लाख जाहीर केले. तेही चांगलंच. पण ही बक्षिसी झाली, दर नव्हे. आणि ती जिथे कॅमेरे आहेत तिथेच पोचते. सुरत त्या यादीत नव्हतं. 2022 च्या आयपीएलआधी चेन्नई सुपर किंग्जने सरावासाठी हेच लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम निवडलं, इथली खेळपट्टी मुंबईच्या खेळपट्ट्यांशी जुळते असंही तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे धोनीच्या संघाला इथल्या मातीची किंमत कळते. ती माती कमावणाऱ्याची कुणी ठरवायची?

मागणी काही मोठी नाही. स्कोअरकार्डावर पंच असतात, तिसरे पंच असतात, सामनाधिकारी असतात. तिथे खेळपट्टी तयार करणाऱ्या क्युरेटरचं आणि त्याच्या हाताखालच्या माणसांचं नाव छापायला एक ओळ लागते. दुसरं, रणजी, महिला आणि वयोगटांच्या सामन्यांच्या मानधनात पंचांसारखाच मैदान कर्मचाऱ्यांचा ठरलेला वाटा हवा, पाऊस येवो न येवो. क्युरेटरना प्रशिक्षण मिळतं. रोलर ओढणाऱ्याला आणि स्पंज पिळणाऱ्यालाही ते आणि त्याचं प्रमाणपत्र मिळालं, तर एका मैदानावरून दुसऱ्यावर जाताना तो हंगामी मजूर म्हणून जाणार नाही. क्रिकेट संघटना खर्चाचं कारण सांगतील. ज्या खेळात एका षटकाच्या प्रक्षेपणाची किंमत लाखांत मोजतात, तिथे हे कारण ऐकून घ्यायला बराच संयम लागेल.

9 नोव्हेंबर 2025 ला सुरतच्याच पिठावाला मैदानावर मेघालयच्या आकाश कुमार चौधरीने अरुणाचल प्रदेशविरुद्ध लागोपाठ आठ चेंडूंवर आठ षटकार ठोकले आणि 11 चेंडूंत अर्धशतक केलं, प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं सर्वात वेगवान. दिवसभर त्याचीच चित्रफीत फिरत होती. अशा चार दिवसांच्या सामन्यात खेळ थांबला की माळी खेळपट्टी झाडतात, गोलंदाजांच्या पावलांनी पडलेले खड्डे भरतात आणि सकाळी क्रीजच्या पांढऱ्या रेषा नव्याने आखतात. फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराने मागितला तर रोलर फिरवायचा, पण नियमाने जास्तीत जास्त सात मिनिटं. मग खेळाडू आत येतात आणि माळी दोरीपलीकडे जातात.