विंडोज ११ आत्ता टाकायचं की थांबायचं? ईटच्या एका सेवा केंद्राचा प्रश्न

भूम तालुक्यातल्या ईटहून एका वाचकाचा मेसेज आलाय. गावात त्याचं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. एक लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप, एक प्रिंटर-स्कॅनर आणि आधारसाठी अंगठा घ्यायचं यंत्र, एवढाच संसार. तो लिहितो, "दादा, लॅपटॉपवर रोज विंडोज ११ ची २५एच२ तयार आहे असं येतंय. डेस्कटॉपवर मात्र हा कॉम्प्युटर विंडोज ११ साठी चालणार नाही असं येतंय. टाकू का थांबू? मशीन बंद पडलं तर लोक भूमला जातील."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. गेमिंगसाठी पीसी बांधणाऱ्याने नवी आवृत्ती पहिल्या दिवशी टाकली आणि फसली, तर एक रविवार वाया जातो. इथे लाडकी बहीणच्या ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली होती. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर भूम-परंडा भागात नुकसानीच्या कागदपत्रांचीही धावपळ होती. अशा वेळी मशीन दोन दिवस बसलं, तर कुणाची तरी मजुरी बुडते. त्यामुळे "नवीन आहे, टाकून टाका" आणि "चालतंय ना, हात लावू नका" हे यूट्यूबवरचे दोन्ही सल्ले त्याच्या कामाचे नाहीत.

आधी एक घोळ मिटवू. अपडेट आणि अपग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट जे पाठवतं ते सुरक्षेचं अपडेट. घराची कडी तुटली होती, ती बसवून दिली, इतकंच. अपग्रेड म्हणजे घरच बदलणं. आपण बऱ्याचदा उलटं करतो. नवा लूक बघायला अपग्रेड उत्साहाने टाकतो आणि महिन्याचं अपडेट "नंतर आठवण करा" म्हणून ढकलत राहतो. फोनवर हे खपून जातं, कारण फोनचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकाच कंपनीने तपासलेलं असतं. पीसीमध्ये बोर्ड एकाचा, एसएसडी दुसऱ्याची, प्रिंटर तिसऱ्याचा आणि अंगठ्याचं यंत्र चौथ्याचं. या सगळ्यांची जुळणी कुठल्याच प्रयोगशाळेत पूर्ण तपासून होत नाही. ती तपासणी पहिल्या काही आठवड्यांत टाकणाऱ्या लोकांच्या मशीनवर होते. लवकर अपग्रेड करणारा माणूस म्हणजे फुकटचा टेस्टर.

पहिल्यांदा टाकणाऱ्यांचं काय झालं

२ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टला ती थांबवावी लागली, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फाइल्स अपग्रेडनंतर गायब झाल्या होत्या. ती दुरुस्त होऊन परत यायला १३ नोव्हेंबर उजाडला. ज्यांनी सहा आठवडे कळ काढली, त्यांना यातलं काही कळलंही नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आली. वेस्टर्न डिजिटलच्या काही एसएसडींवर निळा स्क्रीन यायला लागला. काही गेम्स अडकले. आणि आपल्या वाचकाच्या कामाचं म्हणजे, यूएसबीने जोडलेले काही स्कॅनर मशीनला सापडेनात. मायक्रोसॉफ्टने अशा मशीनसाठी अपग्रेड स्वतःहून रोखून धरलं. ही सोय लक्षात ठेवा. तुमच्या मशीनवर नवी आवृत्ती येतच नसेल, तर ती मुद्दाम थांबवलेली असू शकते. अशा वेळी आयएसओ फाइल डाउनलोड करून जबरदस्तीने टाकू नका.

पण थांबलेले लोक सुरक्षित राहिले, असंही नाही. जानेवारी २०२५ च्या शेवटी आलेल्या एका अपडेटने गंमतच केली. यूएसबीने जोडलेले काही प्रिंटर आपोआप अगम्य मजकूर छापायला लागले, कागदामागून कागद. हा त्रास विंडोज १० आणि विंडोज ११ च्या २३एच२पर्यंतच्या आवृत्त्यांना झाला. नव्या २४एच२ ला झाला नाही. म्हणजे "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांच्याच रिमची वाट लागली.

अंगठ्याचं यंत्र आणि मशीनच्या आतला रस्ता

सेवा केंद्रवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. आधारचं अंगठा यंत्र ब्राउझरशी थेट बोलत नाही. यंत्रासोबत आरडी सर्व्हिस नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर येतं. ते तुमच्याच कॉम्प्युटरच्या आत एक खिडकी उघडून बसतं. यूआयडीएआयने त्यासाठी १११०० ते १११२० हे पोर्ट ठरवून दिलेत. वेबसाइट त्या खिडकीवर टकटक करते, सर्व्हिस अंगठा घेते आणि कुलूपबंद पाकीट परत देते. डिजिटल सहीच्या डोंगलचं कामही बऱ्याच पोर्टलवर अशाच आतल्या रस्त्याने चालतं. मशीन स्वतःशीच बोलतं त्या रस्त्याला लोकलहोस्ट म्हणतात.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने २४एच२ आणि २५एच२ वर नेमका हा लोकलहोस्टचा रस्ता काही प्रकारच्या कनेक्शनसाठी बंद पाडला. त्याच अपडेटमुळे विंडोजच्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड चालेना. म्हणजे घर पेटलंय आणि बंबाला पाइपच नाही. कीबोर्डची दुरुस्ती २० ऑक्टोबरला तातडीने आली. लोकलहोस्टचाही काही दिवसांत निकाल लागला. त्या अपडेटने अंगठ्याची यंत्रं बंद पडली, असा माझा दावा नाही. पण ज्या रस्त्यावर आपला धंदा चालतो तो किती अरुंद आहे, हे यातून दिसतं. म्हणून अपग्रेडआधी यंत्राच्या कंपनीच्या साइटवर जायचं, आरडी सर्व्हिसची ताजी आवृत्ती विंडोज ११ साठी आहे का ते बघायचं आणि ती पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवायची.

मग थांबलेलंच बरं का?

थांबण्याची किंमतही असते आणि महाराष्ट्राने ती पाहिलीय. विंडोजमधलं एक मोठं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. मे महिन्यात वॉनाक्राय त्याच भोकातून जगभर पसरला. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला. त्यात नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल सापडलं आणि तिथलं कॉम्प्युटरवरचं काम ठप्प होऊन कारभार हाताने करावा लागला. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितलं की कंपनीला ४५ हजार पीसी आणि ४ हजार सर्व्हर नव्याने बसवावे लागले. नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत होता, त्यामुळे सगळा दोष न टाकलेल्या अपडेटचा नव्हता. शिवाय तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसला होता, हीही एक कडू गोष्ट. पण मार्चमध्ये मिळालेली कडी जूनपर्यंत न बसवलेली मशीन त्याला आयती मिळाली, हे खरं.

ईटच्या केंद्रात कंटेनर नाहीत. पण डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा. गावातल्या शेकडो लोकांचं आधार, पासबुक, सातबारा, जातीचे दाखले. त्यांनी विश्वासाने दिलेले. खरा धोका तिथे आहे. (आणि हे वाचत असतानाच ते फोल्डर रिकामं करायला हरकत नाही. काम झाल्यावर फाइल ठेवायचं कारण काय?)

लॅपटॉप: टाका, पण या शनिवारी

आता त्याच्या दोन मशीनकडे येऊ. लॅपटॉपवर विंडोज ११ ची २३एच२ आहे. होम आणि प्रो मशीनसाठी तिचा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला. पुढचा दुसरा मंगळवार ९ डिसेंबरला येतो. त्या दिवशी बाकीच्यांना कडी मिळेल, याला नाही. वर कुठली कडी तुटली होती हे चोरांनाही त्याच दिवशी कळेल. त्यामुळे इथे "थांबू" म्हणजे ९ डिसेंबरपर्यंतच.

२५एच२ ३० सप्टेंबरला आली, म्हणजे नवीन वाटते. पण आतून ती २४एच२ च आहे. दोन्हींचा मूळ कोड एक, २५एच२ मध्ये बंद ठेवलेल्या काही गोष्टी चालू केल्या आहेत. त्यामुळे २४एच२ चे एसएसडी-स्कॅनरवाले जे भोग होते, ते वर्षभरात दुसऱ्यांनी भोगून झालेत. मात्र २३एच२ वरून जाणाऱ्याला ही उडी पूर्ण अपग्रेडचीच आहे. फाइल काही जीबींची असते. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून हे करू नका, फायबर असलेल्या ठिकाणी लॅपटॉप नेऊन डाउनलोड करा. इन्स्टॉल करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. वीज गेली तरी लॅपटॉप तग धरेल, हीच त्याची डेस्कटॉपवरची मेहरबानी.

२९ नोव्हेंबरच्या शनिवारी दुकान मिटल्यावर करा. रविवार हाताशी राहतो आणि महिनाअखेरच्या गर्दीला महिना बाकी असतो. त्या दिवशी डेस्कटॉपला हात लावायचा नाही, तो सोमवारची सोय आहे. सुरुवात करण्याआधी कामाच्या फाइल्स बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. मग बिटलॉकरची रिकव्हरी की शोधा. ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर अपग्रेडनंतर मशीन ४८ अंकांची की मागू शकतं. ती ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला त्यात असते. आता आठवा, ते अकाउंट कुणाचं होतं? दुकानदाराने घाईत बनवून दिलेलं? पुण्याला गेलेल्या चुलतभावाचं? की कागदावर लिहून घेतल्याशिवाय इन्स्टॉल दाबू नका.

अपग्रेड झाल्यावर लगेच पाच गोष्टी करून बघा: एक प्रिंट, एक स्कॅन, एक अंगठा, डिजिटल सही, आणि एका मराठी फाइलचं टायपिंग. काही बिघडलं तर सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि मग रिकव्हरीत जाऊन मागे फिरता येतं, पण फक्त दहा दिवस. त्यानंतर विंडोज जुनी आवृत्ती पुसून टाकतं.

मराठी फाइलचं मुद्दाम म्हणालो. अपग्रेडमध्ये सहसा फॉन्ट टिकतात. पण कुणी फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं तर मंगल फॉन्ट गायब दिसू शकतो, कारण विंडोज १० पासून तो देवनागरीच्या जादा फॉन्टच्या पॅकमध्ये गेलाय. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की तो येतो. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालत असेल तर त्या लॉकचा ड्रायव्हरही आधीच शोधून ठेवा.

डेस्कटॉप: टाकू नका, पण असाही ठेवू नका

डेस्कटॉपमध्ये सहाव्या पिढीचा आय३ आहे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. ही अट चुकवून टाकायच्या युक्त्या नेटवर भरपूर आहेत आणि त्या चालतातही. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं. घरच्या पीसीवर खेळायला ठीक, लोकांचे अंगठे घेणाऱ्या मशीनवर नको.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. घरी विंडोज १० असेल तर हे आजच करा, पाच मिनिटांचं काम आहे. पण ही योजना धंद्याच्या मशीनसाठी नाही. धंद्याला पहिल्या वर्षाचे ६१ डॉलर, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास, आणि पुढच्या वर्षी दुप्पट. सहाव्या पिढीच्या आय३वर एवढे पैसे घालण्यापेक्षा तेच नव्या मशीनच्या बाजूला टाकलेले बरे, असं माझं मत.

तोवर डेस्कटॉपला प्रिंट आणि स्कॅनवर ठेवा. लॅपटॉप तयार होईपर्यंत सोमवारची अडचण निघाली तर चालेल, पण नंतर त्यावर लॉगिन, अंगठा, बँकेचं काम करायचं नाही आणि नेटची वायर काढून ठेवायची. फाइल्स पेन ड्राइव्हने न्या, आणि तो पेन ड्राइव्ह गिऱ्हाईकाचा नाही, केंद्राचा हवा.