पणजीचं नाव सांगा बघू!

नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. आपल्या रायगडच्या गावांची ही आडनावं आज इस्रायलमध्ये अश्दोद, दिमोनासारख्या शहरांतही सापडतात. ती आहेत बेने इस्रायलींची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्याकडे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि मोजकीच माणसं वाचली, ही त्यांच्या घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट. 1948 नंतर बहुतेक जण तिकडे गेले. जाताना गावाचं नाव सोबत नेलं. त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहून ठेवला. पुस्तक छापून आलं ते 1937 मध्ये, त्यांच्या निधनानंतर. आज त्यांची पतवंडं अलिबागला येऊन आपलं गाव शोधतात.

आपण इथंच राहतो, त्यामुळे शोधायचं काय, असं वाटतं. बरं, मग पणजीचं नाव सांगा बघू. पणजोबांचं कदाचित जमेल, कागदावर असतं. पणजीचं? तिचं माहेर कुठलं?

फॅमिली ट्रीचं ॲप डाउनलोड करून हे कळणार नाही. आणि ‘आमचे पूर्वज सरदार होते’ हे ऐकायच्या आशेनं तर अजिबात बसू नका. आजीला साधं विचारा: लहानपणी घरात जेवायला काय असायचं? कुणाच्या शेतावर राबायचात? मोबाइलचा रेकॉर्डर सुरू ठेवा आणि मध्ये बोलू नका. (हे सगळ्यात अवघड!) अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून काही वर्षं कुळांनी खोतांची शेती कसायचं बंद केलं होतं. संपाचा इतिहास पुस्तकात मिळेल. पण त्या वर्षांत तुमच्या घरची चूल कशी पेटली, ते तुमच्या घरातच कळेल. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. तो दिवस आठवणारी माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यासाठी परीक्षा संपायची वाट बघत बसू नका.

ऐकलेलं सगळं खरं असतं असं नाही. आजोबा साल चुकवतात, आत्या भांडण लपवते. म्हणून कागद बघा. तलाठ्याकडचे जुने फेरफार वाचा. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, वारस कोण लागले, ते त्यात असतं. बहिणींची नावं कधी कमी झाली, तेही दिसतं, आणि तिथं घरात थोडा तणाव होईल, तयारी ठेवा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात मिळतात. तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. मोडी शिकणं वाटतं तितकं कठीण नाही, वर्ग चालतात.

सध्या किनाऱ्यावर जमिनी विकल्या जातायत, जुनी घरं पाडून बंगले उठतायत. घर रिकामं करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी थेट भंगारात जाते. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर या रविवारी खाली काढा. आतल्या प्रत्येक कागदाचा फोटो घ्या, वाचता येत नसला तरी. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलनं नावं लिहा. आजीला शेजारी बसवूनच लिहा, कारण त्यातली निम्मी माणसं फक्त तिलाच ओळखू येतात.