चिठ्ठी पोहोचते, गोळी पोहोचत नाही

“नाडी न पाहता, छातीला नळी न लावता औषध लिहून देतो तो कसला डॉक्टर? आणि तेही डोक्याचे औषध!” गेल्या नाताळात एका स्नेह्यांच्या घरी जमलेल्या मंडळींत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हा सवाल टाकला, आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. विषय निघाला होता तिरोड्याच्या आमच्या एका वहिनींचा. ह्या वहिनी चिंताविकारावर उपचार घेतात आणि दर दोन महिन्यांनी नागपूरच्या डॉक्टरांशी मोबाइलवरून बोलून औषधाची चिठ्ठी पुढे चालू करून घेतात, एवढाच त्यांचा अपराध. वहिनी त्याच घरात, स्वयंपाकघरात, करंज्या तळीत होत्या. त्यांनी ते सारे ऐकले. आम्ही मात्र गप्प बसलो. दुसऱ्याच्या घरी सणासुदीला वाद नको, अशी स्वतःची समजूत घातली. तेव्हा जे बोललो नाही ते आज लिहीत आहोत.

काळजी कोणाला नसते? रोवणीपुरता पाऊस पडेल का, धानाला भाव मिळेल का, मुलाला नोकरी लागेल का, ह्या काळज्या आपल्या प्रत्येक घरात आहेत, आणि कारण सरले की त्याही सरतात. वहिनींची काळजी सरत नसे. मुलगी गोंदियाहून परतण्यास दहा मिनिटे उशीर झाला की त्यांच्या डोळ्यांपुढे रेल्वेचे फाटक आणि अपघात उभा राही. रात्री तीन-तीनदा उठून त्या गॅसची टाकी बंद आहे ना, ते पाहत. छातीत धडधड, तळहातांना घाम, पोटात गोळा. दोनदा हृदयाचा आलेख काढला, दोन्ही वेळा निर्दोष निघाला. मग घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना तीन वर्षे एकच औषध दिले: “इतका विचार करू नये.” ताप चढलेल्या माणसाला ‘इतके तापू नये’ असे सांगताना आम्ही अजून कोणाला ऐकलेले नाही.

आपल्या ख्रिस्ती घरांत ह्या औषधात आणखी एक पुडी मिसळली जाते: “तुझी श्रद्धा कमी पडते.” हे वाक्य बोलणाऱ्यांतील किती जण मधुमेहाची गोळी बंद करून केवळ जपमाळेवर राहतात, हे त्यांनीच सांगावे. वहिनींची जपमाळ एकही दिवस चुकली नव्हती. असो.

शेवटी नागपूरला उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, वजन केले, रक्त तपासले, थायरॉइडची तपासणी करून घेतली. कारण ती ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरी अशीच धडधड आणि अशीच बेचैनी होते. त्यानंतर एसिटॅलोप्राम ह्या औषधाची रोज एक गोळी सुरू झाली. ही गोळी झोपेची नाही आणि नशेचीही नाही. तिचा गुण दिसण्यास काही आठवडे जावे लागतात, आणि गुण आल्यावरही ती बरेच महिने चालू ठेवावी लागते. दीड महिन्याने वहिनी रात्रभर झोपू लागल्या. घरात त्यांचे हसणे पुन्हा ऐकू येऊ लागले.

इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. अडचण निर्माण झाली ती चिठ्ठीच्या नूतनीकरणाची. तिरोड्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. पहाटे उठून डबा करायचा, स्टेशन गाठायचे, मिळेल त्या गाडीत उभ्याने जायचे, नागपूरला उतरून ऑटो करायची, दवाखान्यात क्रमांक लावून दोन-तीन तास बसायचे, आणि मग आत गेल्यावर: “कशा आहात ताई? झोप लागते ना? भूक? मग तेच चालू ठेवू.” पाच मिनिटे. परतीची गाडी वेळेवर असली तर दिवे लागणीनंतर घर. सोबतीला येणाऱ्या भाऊजींची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. ज्याला गर्दीचीच धास्ती आहे, अशा रुग्णाला धास्तीच्या औषधासाठी गर्दीतून दोनशे किलोमीटर फिरवायचे, ही आपली रीत! पहिल्या वर्षी वहिनींनी ते निमूटपणे केले. पुढच्या जुलैत पऱ्हे तयार झाले, बांधीत पाणी साचले, रोवणीला माणूस मिळेना, आणि नागपूरची तारीख चुकली. गोळ्या संपल्या. तीन-चार दिवसांत चक्कर येऊ लागली, डोक्यात विजेचे बारीक झटके बसल्यासारखे वाटू लागले, झोप उडाली. घरच्यांनी निष्कर्ष काढला, “पाहा, गोळीची चटक लागली होती!” वास्तविक ही औषधे एकाएकी थांबवली तर असा त्रास होऊ शकतो, म्हणूनच ती बंद करायची असली तरी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवावी लागतात. नशेच्या पदार्थाची मात्रा वाढवत नेण्याची जी ओढ असते, ती येथे नसते. परंतु रोवणीच्या धांदलीत हे त्या घराला कोणी समजावून सांगायचे?

ह्या अनुभवानंतर वहिनी मोबाइलकडे वळल्या. आता त्या गृहस्थांच्या सवालाकडे येऊ. वहिनींची नाडी पाहिली गेली होती, रक्त तपासले गेले होते. ‘तेच चालू ठेवा’ हे सांगण्यासाठी पुन्हा नळी लावण्याची गरज नव्हती, आणि ही केवळ आमची सोयीची समजूत नव्हे. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनी समोरासमोर तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांशी दुरून झालेला सल्ला हा त्या तत्त्वांप्रमाणे पाठपुराव्याचा सल्ला होय. पूर्वीचे औषध त्यात पुढे चालू करता येते. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो, रुग्णाचे नाव-वय लागते. सहा महिने उलटले की तो रुग्ण पुन्हा नवा समजला जातो. म्हणूनच वहिनी वर्षातून दोनदा नागपूरला जातातच. नियम व्हिडिओवरून पहिला सल्लाही घेऊ देतात; पण जेथे शक्य आहे तेथे पहिली भेट समोरासमोरच व्हावी, असे आमचे मत आहे, आणि तेवढ्यापुरते आम्ही त्या गृहस्थांच्या बाजूचे आहोत.

त्याच तत्त्वांत एक कडक मनाईही आहे. अमली व मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे दुरून लिहून देता येत नाहीत. अल्प्राझोलाम त्यांतलेच. ही गोळी तासाभरात मन शांत करते, म्हणून ती सर्वांना आवडते. काही आठवडे सलग घेतली तर शरीर तिच्यावर विसंबू लागते, आणि एकदम सोडली तर फिटही येऊ शकते. फोनवर ज्या गोळीला बंदी, ती गोळी एखाद्या ओळखीच्या औषध दुकानदाराकडून चिठ्ठीवाचून ‘झोपेची द्या हो दोन’ म्हणून घेणारी माणसे आपल्याच ओळखीत आहेत की नाहीत? वास्तविक ही गोळी विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि मात्रा वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन दुकानदारावर आहे. नाडी न पाहणाऱ्या डॉक्टरावर रागावणारे लोक चिठ्ठी न पाहणाऱ्या दुकानदारावर मात्र कधी रागावत नाहीत. तो तर किती मदतीला धावणारा!

परंतु मोबाइलच्या जाहिरातींतून ‘दहा मिनिटांत चिंतामुक्ती’ विकणाऱ्यांचीही वकिली आम्ही करणार नाही. जो सल्ला देतो तोच गोळी विकतो, आणि गोळी खपली तरच सल्ल्याचे दुकान चालते, अशी व्यवस्था रुग्णाच्या हिताची असू शकत नाही. अमेरिकेने ह्याची किंमत मोजली आहे. रायन हेट हा अठरा वर्षांचा मुलगा २००१ मध्ये, ऑनलाइन मागवलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मरण पावला. कोणत्याही डॉक्टरांनी त्याला पाहिलेले नव्हते. त्याच्या नावाने २००८ मध्ये तेथे कायदा झाला. पुढे कोरोनाच्या काळात बंधने सैल झाली आणि चिंता-नैराश्यावर घरबसल्या उपचार देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतील सेरेब्रल ह्या कंपनीने रुग्णांची खाजगी माहिती जाहिरातीच्या उद्योगातील इतर कंपन्यांकडे जाऊ दिली, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२४ मध्ये तिला सत्तर लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. रात्री दोन वाजता धडधडत्या छातीने भरलेली प्रश्नावली जाहिरातदाराच्या हाती जावी, ह्याहून मोठा विश्वासघात आम्हांला सुचत नाही.

आपल्याकडे ही माहिती परक्या कंपनीकडे जाण्याआधी शेजारच्या खोलीत जाते. वहिनींचे घर दोन खोल्यांचे. मोबाइल मुलाचा. डॉक्टर विचारतात, “मनात नकोसे विचार येतात का?” आणि पडद्याआड सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. अशा वेळी कोणती सून खरे उत्तर देईल? एकदा तर त्यांनी शेतावर जाऊन बांधावर उभे राहून सल्ला घेतला. आवाज तुटत होता, आणि रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहत होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे, पण बंद होणारे दार कायदा कोठून देणार? ते आपण देऊ शकतो. प्रत्येक धर्मग्रामात एखादी खोली आठवड्याचे सहा दिवस कुलपात असते. तीत एक खुर्ची, एक टेबल, बरे चालणारे इंटरनेट आणि आतून लागणारी कडी एवढे ठेवण्यास कोणत्या वर्गणीची गरज आहे? सिस्टरांचा दवाखाना जवळ असला तर रक्तदाब आणि वजनाची नोंदही तेथेच होईल.

आता मूळ दुखण्याकडे. चिठ्ठी नागपूरहून तिरोड्याला क्षणात पोहोचते. गोळी पोहोचत नाही. तीच मात्रा, तेच औषध गावात मिळेलच असा भरवसा नसल्याने भाऊजी तीस किलोमीटरवरच्या गोंदियाला जाऊन ती आणतात. म्हणजे पाच मिनिटांच्या भेटीचा प्रवास वाचला आणि गोळीच्या पाकिटाचा उरला. ह्याच बाबतीत २०१७ च्या कायद्याचे अठरावे कलम आपल्यापैकी फारच थोड्यांनी वाचलेले आहे. सरकारने जाहीर केलेल्या अत्यावश्यक यादीतील औषधे मानसिक रुग्णांना सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत, असे ते कलम स्पष्ट सांगते. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय. मुंबई-पुण्याचे नव्हे, तालुक्याचे. वहिनींचे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. ई-संजीवनीवर २०२० पासून घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी बोलता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो क्रमांक प्रत्येक घराच्या कॅलेंडरवर लिहिलेला असावा. पण गावातल्या औषधाच्या खिडकीशी ह्या सेवांची गाठ पडली नाही, तर आपण केवळ बोलण्याचीच सोय करून ठेवली असे होईल. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आजारांची पाहणी केली. तीत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याला खेटून असलेले मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. वेगवेगळ्या आजारांच्या शंभरातील सत्तर ते ब्याण्णव रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत, असे तीत आढळले. ह्या आकड्यात ‘इतका विचार करू नये’ म्हणणाऱ्या आपल्या सर्वांचा वाटा आहे.

वहिनींची पुढची तारीख ऐन रोवणीत आहे. ह्या खेपेस सल्ला बांधावरून घ्यावा लागणार नाही. ओळखीच्या एका शिक्षिकेने आपली खोली देऊ केली आहे. तिरोड्याच्या सरकारी रुग्णालयात मानसिक आजारांची कोणकोणती औषधे नेहमी उपलब्ध असतात, त्यांची यादी लेखी मिळावी, असा अर्ज वहिनींच्या मुलीने तयार केला आहे. त्यावर आमची सही झाली आहे. नाताळातल्या त्या गृहस्थांकडे तो अर्ज आम्ही येत्या रविवारी घेऊन जाणार आहोत.